नववीच्या वर्गाला अवघड नाटक द्या

जळगाव-धुळ्याकडच्या माध्यमिक शाळांत नाटक बसवणारे शिक्षक, त्यांना परवानगी देणारे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक, आणि तालमीला मुलं पाठवणारे आईबाप, या सगळ्यांना एक विनंती आहे. यंदाच्या गॅदरिंगला मुलांच्या हातात अवघड नाटक द्या. त्यांना झेपेल याची खात्री तुम्हाला वाटत नाही, असंच द्या.

आपल्याकडे काय होतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीची सुट्टी संपते, शाळा भरते आणि मग कुणीतरी विचारतं, यंदा नाटक कोणतं? तोवर हातात तीन-चार आठवडे उरलेले असतात. एवढ्या वेळात जे बसतं तेच बसवलं जातं : मोबाईलचे दुष्परिणाम, झाडे लावा, दारूबंदी. विषय महत्त्वाचे आहेत, पण त्या नाटुकल्यांत कोण बरोबर आणि कोण चूक हे पडदा उघडताच कळतं. शेवटी एक शहाणं पात्र येऊन उपदेश करतं आणि टाळ्या पडतात. मुलांनी यात काहीच शोधलेलं नसतं. उत्तर बाईंनी आधीच फळ्यावर लिहून दिलेलं असतं. दारुडा बाप झालेला मुलगा झोकांड्या देतो आणि मांडव हसतो. त्या मांडवात जिच्या घरी खरोखरच रात्री असा बाप येतो ती मुलगीही बसलेली असते. तिच्यासाठी त्या नाटकात काही नसतं.

अवघड नाटक मी कशाला म्हणतो तेही सांगतो. लांबलचक, बोजड भाषेचं किंवा दोन ट्रक नेपथ्य लागणारं म्हणजे अवघड, असं नाही. ज्यातल्या माणसाची बाजू पहिल्या वाचनात मुलाला पटत नाही आणि तरीही ती बाजू त्याला मनापासून बोलावी लागते, ते अवघड. वाचन संपल्यावर वर्गात दोन तट पडतात आणि मधली सुट्टी झाली तरी भांडण मिटत नाही, असं नाटक मिळालं की निवड बरोबर झाली समजा.

मात्र अवघड आणि मोठ्यांचं यांत फरक करा. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे 1967 साली रंगमंचावर आलेलं नाटक मला मराठीतल्या सर्वोत्तम नाटकांपैकी एक वाटतं. तरीही नववीच्या मुलीला त्यातली बेणारेबाई करायला मी देणार नाही. त्या बाईवर जे बेतलं आहे ते भर मांडवात, आपल्याच वर्गमित्रांच्या तोंडून स्वतःवर ओढवून घ्यायला त्या मुलीचं वय पुरेसं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच वर्गात बसायचं असतं. कॉलेजात गेल्यावर ती ते जरूर करील.

मग द्यायचं काय? माझी पहिली सूचना आहे गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’.

हे नाटक 1899 चं आहे म्हणून नाक मुरडू नका. पैशाच्या लोभाने कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीचं लग्न भुजंगनाथ या म्हाताऱ्या सावकाराशी ठरवतो. लग्न लागता लागता मोडतं, तेही वरवधू सगोत्र निघाल्यामुळे. मुलीवर अन्याय होतोय म्हणून ते मोडत नाही. ती जीव द्यायला निघते आणि वाचते. आज वर पंचाहत्तरीचा नसतो, तेवीस-चोवीस वर्षांचा असतो, एवढाच काय तो फरक. मुलीचं लग्न अठराच्या आत करू नये असा कायदा आहे, 2006 चा. तरी आपल्या तालुक्यांत नववी-दहावीच्या हजेरीपटावरून एखादं नाव सुट्टीनंतर गळतं. वर्गाला कारण माहीत असतं, पण कुणी बोलत नाही. ‘शारदा’च्या तालमीत ते बोलणं सुरू होतं.

या नाटकातली अवघड भूमिका शारदेची नाही, कांचनभटाची आहे. तो लोभी आहे असं म्हणून मोकळं होता येतं, आणि बहुतेक शाळांत तो तसाच, डोळे फिरवणारा खलनायक म्हणून केला जातो. ज्या मुलाला ही भूमिका द्याल त्याला विचारा, आजचा बाप सोळाव्या वर्षी मुलीचं लग्न का लावतो? तो म्हणेल, गावात आठवीपुढे शाळा नाही. आईबाप ऊसतोडीला गेले तर तरणी पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? लहान वयात हुंडा कमी लागतो. पोरगी कुणाबरोबर पळून गेली तर? ही उत्तरं त्याने घरी, ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत ऐकलेली असतात. ती घेऊन तो रंगमंचावर उभा राहिला की प्रेक्षकांतल्या बापांना स्वतःचा आवाज ऐकू येतो. आपण चूक आहोत असं न वाटणारा माणूस एवढा मोठा अन्याय करतो, ही गोष्ट पंधराव्या वर्षी समजणं फार मोलाचं आहे.

जळगावकरांना तर या नाटकावर जास्तच हक्क सांगता येईल. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व लहानपणी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकले. पुढे 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले. त्या बालगंधर्वांनी शारदेचीही भूमिका केली. शहरातलं खुलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. त्या काळी पुरुष लुगडं नेसून शारदा होत असत, तर आज भुजंगनाथ मुलीने का करू नये? एखाद्या धीट मुलीला काठी टेकत येणारा तो म्हातारा करू द्या. आपल्या वयाच्या पोरीकडे म्हातारा कसा पाहतो हे तिला कुठल्याही मुलापेक्षा चांगलं कळतं.

गाण्यांची धास्ती घेऊ नका. पदं पुष्कळ आहेत. गाणारी मुलं असतील तर तीन-चार ठेवा, बाकीची सोडा. पाच अंक सव्वा तासावर आणावे लागतील. कापताना एकच पाळा : विनोद कापा, वर्णनं कापा, पण शारदा एकटी पडते तो प्रसंग आणि तिच्या आईची हतबलता यांना हात लावू नका. आणि तालमीच्या दिवसांत एखादी मुलगी हळूच येऊन स्वतःच्या घरातलं काही सांगेल, त्याची तयारी ठेवा. 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांक आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, या दोन गोष्टी नाटक बसवणाऱ्याला माहीत हव्यात.

दुसरी सूचना जास्त धाडसाची आहे. महात्मा फुल्यांनी 1855 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं. एक जोशी शेतकऱ्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो, ब्राह्मणभोजन घडवतो, कुटुंब कर्जात बुडतं. विदूषक प्रेक्षकांकडे पाहून जोशाच्या प्रत्येक युक्तीची चिरफाड करतो. शेवटी नवरा-बायको दोघंही शिकायला निघतात. शाळेच्या रंगमंचावर याहून चपखल शेवट कोणता असेल?

यावर तक्रारी येतील. कुणी म्हणेल, हे एका जातीविरुद्ध आहे. कुणी नाटकातल्या पाद्र्याच्या संवादांवर बोट ठेवील, आणि ते संवाद खरोखरच आजच्या कानांना खटकतात. म्हणून हे नाटक गुपचूप बसवू नका. आधी संस्थेच्या मंडळींसमोर आणि पालकसभेत संहिता मोठ्याने वाचा. पाद्र्याचं काय ठेवायचं, काय गाळायचं हे मुलांनाही ठरवू द्या, आणि गाळलं तर तसं प्रयोगाआधी सांगा. जोशी ही जात म्हणून उभी करू नका. समोरच्याच्या भीतीवर पोट भरणारा माणूस म्हणून उभा करा. तसा माणूस आज कोणत्याही जातीत सापडतो, हे मुलांना सांगावं लागणार नाही. उतारा देणारा, दोष काढणारा, मोबाईलवर कुंडली पाहून पैसे मागणारा त्यांच्या ओळखीचा असतो. आणि विदूषकासाठी आपल्या भागातली एखादी परंपरा पाहा. वहीगायन करणारी मंडळी अजून आपल्याकडे आहेत. डफाच्या ठेक्यावर गोष्ट पुढे नेणं आणि मध्येच थांबून श्रोत्यांशी बोलणं त्यांना येतं. अशा एखाद्या जुन्या जाणत्याला दोन दिवस शाळेत बोलवा, त्यांचा मान करा, प्रवासखर्च द्या. मुलं त्यांच्याकडून जे उचलतील ते कुठल्याही शिबिरात मिळणार नाही.

जातीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही दोन पात्रांची एकांकिका शाळांना सहज बसवता येण्याजोगी आहे : नेपथ्य जवळजवळ लागत नाही आणि अभिनयाचा कस लागतो. पण ती असो की दुसरं काही, दलित माणसाची भूमिका दलित मुलाला आणि आदिवासी माणसाची भूमिका पावरा किंवा भिल्ल मुलाला देऊन मोकळे होऊ नका. शिक्षकांचा हेतू चांगला असतो, तो ‘नैसर्गिक’ करील असं त्यांना वाटतं. त्या मुलाला मात्र सगळ्या शाळेसमोर पुन्हा तीच पाटी गळ्यात अडकवल्यासारखं होतं. ज्याला कधी कुणी दारात थांबवलेलं नाही त्याला पाणी मागणारा करा. ज्याला थांबवलं गेलं आहे त्याला दार अडवणारा करून पाहा, पण आधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर तिथेच सोडा. अशा नाटकाच्या तालमीत रोज शेवटची दहा मिनिटं नुसतं गोल बसून बोलण्यासाठी ठेवा.

‘एवढ्या लहान मुलांना मरणबिरण कशाला दाखवायचं?’ असं विचारणारे पालक भेटतात. त्यांना रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ची हकिकत सांगा. अमल नावाचा आजारी मुलगा. वैद्याने बाहेर जायला मनाई केली आहे. तो खिडकीत बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या सुधाशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. पत्राआधी राजवैद्य येतो, खिडक्या उघडायला सांगतो, आणि अमल झोपी जातो. 18 जुलै 1942 ला वॉर्सातल्या ज्यू वस्तीत, नाझींच्या कोंडवाड्यात, यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयातल्या मुलांनी हे नाटक केलं. मुलांना मरणाला शांतपणे सामोरं जाता यावं म्हणून कोर्चाकनी ते निवडलं, असं सांगतात. तीन आठवडेही उलटले नाहीत तोच त्या मुलांना आणि कोर्चाकना ट्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेण्यात आलं. मृत्यूच्या इतक्या जवळ उभ्या असलेल्या मुलांसाठी एका शहाण्या, मुलांवर जीव असलेल्या शिक्षकाला हे नाटक योग्य वाटलं. कोविडच्या दोन वर्षांत आजी-आजोबा, कुणी बापसुद्धा गमावलेली मुलं आज आपल्या वर्गांत आहेत. त्यांना मरण माहीत आहे. त्याबद्दल बोलायला जागा तेवढी नाही.

‘डाकघर’ करणार असाल तर अमलला खोकायला लावू नका, रडका करू नका. तो नाटकातला सगळ्यांत आनंदी माणूस आहे, आणि हे ज्या मुलाला कळेल त्यालाच तो जमेल.

खान्देशाला मुलांवर विश्वास टाकण्याची सवय नवी नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते. तिथल्या मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. वसतिगृहातल्या पोरांना रोज काहीतरी गंभीर, ताजं वाचायला द्यावं असं त्या माणसाला वाटलं, आणि मुलं वाचत होती. त्याच गुरुजींनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेतली. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी एक अध्याय. बाहेर आंदोलन चाललंय, आत कैदी बसून ऐकतायत, एकजण भराभर लिहितोय. धुळ्यातल्या एखाद्या शाळेने या प्रसंगावर स्वतः नाटक लिहावं असं मला फार वाटतं. कैद्यांमध्ये शंका घेणारा, कंटाळणारा, घरच्या काळजीने ऐकूच न शकणारा असा एखादा कल्पित कैदी घाला, म्हणजे ते नाटक होईल.

तसंच नंदुरबारचं. आज तो वेगळा जिल्हा आहे, पण 9 सप्टेंबर 1942 ला तो पश्चिम खान्देशात, म्हणजे धुळ्याकडेच होता. त्या दिवशी मोर्चावर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी पडले : लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. शिरीषकुमार सोळाही पूर्ण नव्हता. आपण दरवर्षी त्यांना झेंडा, देशभक्तीपर गाणं आणि शेवटी चित्रासारखं थांबणं एवढ्यात उरकतो. आठवी-नववीतल्या मुलांना विचारा, तुझ्या वर्गातला मित्र उद्या मोर्चाला चल म्हणाला तर जाशील का? न जाणारा मुलगा भित्राच असतो का? बंदूक धरलेला शिपाईही इथलाच असेल, घरी त्याचीही पोरं असतील, तर हुकूम आल्यावर त्याच्या मनात काय होईल? खऱ्या माणसांच्या तोंडी खोटं घालू नका. त्यांच्या आसपासची, गर्दीतली माणसं रचा.

भाषेबद्दल थोडंसं. मुलांना पुण्याची मराठी बोलायला लावून अर्धा अभिनय आपणच मारतो. घरी अहिराणी, लेवा गणबोली, तावडी, शिरपूर-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात पावरी बोलणारी ही मुलं रंगमंचावर आली की पाठ केलेलं प्रमाण मराठी चाचरत म्हणतात. बहिणाबाई चौधरींच्या जिल्ह्यात तरी हे व्हायला नको. ‘तृतीय रत्न’मधला शेतकरी आणि त्याची बायको अहिराणीत बोलली तर नाटक दुप्पट जिवंत होईल. मात्र बोली फक्त हसवणाऱ्या पात्रांना देऊ नका. सगळ्यांत शहाण्या पात्रालाही द्या.

आता व्यवहाराचं. नाटक जून-जुलैत निवडा. दहावीची मुलं बोर्डात अडकतात, म्हणून मुख्य भूमिका आठवी-नववीला द्या. दहावीतल्या एक-दोघांना प्रकाश, संगीत, प्रॉम्प्टिंग सांभाळू द्या. पहिला महिना पाठांतर नको, नुसतं वाचन, तेही भूमिका आलटून पालटून. कोणाला काय द्यायचं ते महिन्याने ठरवा. पहिल्या दिवशी मोठ्या आवाजात वाचणारा मुलगा बहुतेक वेळा प्रमुख भूमिका घेऊन जातो आणि मागच्या बाकावरची गप्प मुलगी राहून जाते. तालीम शाळेच्या वेळेत किंवा फार तर तासभर नंतर ठेवा. खेड्यावरच्या मुलींची शेवटची एसटी चुकता कामा नये. ती एकदा चुकली की घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं, हे नाटक गॅदरिंगच्या रात्री दोन डान्सच्या मध्ये करू नका. मांडवातल्या भोंग्यांच्या गजरात, माईकसमोर रांगेत उभं राहून कुठलंही गंभीर नाटक मरतं. ते एखाद्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये, नसेल तर दोन वर्गांमधली सरकती भिंत उघडून, शंभर-दीडशे माणसांसमोर करा. माईकशिवाय. मग दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा करा, उरलेल्या पालकांसाठी. मराठीतली प्रायोगिक रंगभूमी 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या हॉलमध्ये वाढली, आणि ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या सुलभा देशपांडे स्वतः त्या शाळेत शिक्षिका होत्या. चांगल्या नाटकाला शाळेचा हॉल कमी पडत नाही, हे तिथे सिद्ध झालेलं आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेला जळगाव केंद्र आहे. जायचं असेल तर जा, पण नाटक स्पर्धेसाठी निवडू नका. बक्षीस डोक्यात ठेवलं की शेवटी रडवणारं काहीतरी जोडण्याचा मोह होतो.

परवानगीचं घाबरण्यासारखं काही नाही. देवल आणि फुले यांची नाटकं आता सर्वांची आहेत, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. ‘डाकघर’ही मोकळं आहे, पण मराठी भाषांतराचा हक्क भाषांतरकाराकडे असू शकतो, तो तपासा. हयात लेखकाचं नाटक शाळेतच, फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसमोर करायला कायदा सवलत देतो. तरीही लेखकाला पत्र लिहा, आणि ते मुलांकडून लिहवून घ्या. बाहेर तिकीट लावून किंवा स्पर्धेत करणार असाल तर लेखी परवानगी आणि मानधन दोन्ही हवं.

पुस्तकं मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. फुल्यांचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं आहे. जळगावचं व. वा. वाचनालय आणि धुळ्याचं गरुड वाचनालय ही जुनी ग्रंथालयं आहेत. तिथे नाटकांचं कपाट मागा. येत्या शनिवारी तीन नाटकं घेऊन या. सोमवारी शेवटच्या तासाला नववीच्या वर्गात बाकं भिंतीला लावून त्यांतलं एक वाचायला घ्या. पहिलं पान स्वतः वाचा आणि दुसऱ्या पानाला पुस्तक मागच्या बाकावर द्या.